मोबाइलमधलं ऐकण्याचं ॲप: ‘आयकू येस, पन समजत नही’ ही तक्रार परत परत का येते, आणि त्यावर काय करायचं

अमळनेर, पारोळा, चोपडा या जळगाव जिल्ह्यातल्या पट्ट्यातली वयस्कर माणसं दुकानात येतात, त्यांच्या फोनमध्ये ऐकण्याचं ॲप, म्हणजे फोनच्या माइकने आवाज घेऊन, तो वाढवून इअरफोनमधून कानात सोडणारं ॲप, टाकून देणं हा आता माझ्या रोजच्या कामाचा भाग झालाय. कानाचं मशीन परवडत नाही, किंवा शिबिरात मिळालेलं मशीन कपाटात पडून असतं, आणि पुण्याला असलेल्या मुलाने फोनवर सांगितलेलं असतं, "दुकानात जा, ॲप टाकून घ्या." पहिल्या दिवशी आबा खूश असतात. थोड्या दिवसांनी तेच आबा परत येतात आणि म्हणतात, "आयकू येस रे भो, पन समजत नही." आवाज वाढवून दिला की जातात. मग पुन्हा येतात.

आवाज वाढवून ही तक्रार जात नाही, कारण तिचं मूळ आवाजात नसतंच. परत आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: ॲप चालू असतं तेव्हा फोन कुठे असतो? उत्तर ठरलेलं. सदऱ्याच्या खिशात.

कानाचं मशीन कानावर बसतं, त्यामुळे त्याचा माइकही कानाशीच राहतो. फोन मात्र उचलून बोलणाऱ्याच्या समोर ठेवता येतो. ॲपची सगळी ताकद या एका गोष्टीत आहे, आणि फोन खिशात गेला की नेमकी तीच वाया जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा त्याचं माप) पडतो. समजा सूनबाई तीन मीटरवरून बोलतेय आणि फोन तुमच्या खिशात आहे. तोच फोन तिच्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवला तर माइकपाशी तिचा आवाज साधारण १५ डेसिबलने वर येतो. घरात भिंतींमुळे हा फायदा थोडा कमी होतो, पण होतो. कूलर मात्र होता तिथेच राहतो. खिशातला फोन सूनबाईचा आवाज आणि कूलरची घरघर दोन्ही सारखीच वाढवतो, आणि कान कमजोर झालेल्या माणसाला त्या गोंगाटातून शब्द वेगळे काढणंच जमत नसतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, घराघरात लोखंडी कूलर दिवसभर चालू असतो, आणि ही तक्रार त्याच दिवसांत सगळ्यात जास्त येते.

म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी जागा बदलून बघा. घरात दोघंच बोलत असाल तर फोन समोरच्या माणसाजवळ टेबलावर ठेवा, फोनची खालची कड त्याच्याकडे करा, कारण बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो. कूलरच्या झोतात फोन ठेवू नका. वारा माइकवर आदळला की फडफड ऐकू येते आणि शब्द बुडतात. शेतात भरीत पार्टी असेल, सतरंजीवर दहा-बारा जण गोल बसलेले असतील, तर फोन मधोमध ठेवण्याचा मोह होतो. तसं करू नका. मधोमध भरताचं पातेलं असतं, डाव आपटतात, स्टीलच्या ताटल्या सरकतात, आणि त्या खणखणाटाने कानात कळ जाते. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या मांडीजवळ, दुमडलेल्या टॉवेलवर फोन ठेवा. एका वेळी एका माणसाचं नीट ऐकू आलं तर ती संध्याकाळ चांगली जाते. दहा जणांचं एकदम ऐकवणं हे फोनच्या आवाक्यातलं काम नाही.

आयफोनमधली ‘लाइव्ह लिसन’ ही सोय नेमकी याच कल्पनेवर उभी आहे: फोन बोलणाऱ्याजवळ, आवाज तुमच्या कानात. २०१८ पासून ती ॲपलच्या एअरपॉड्स या बिनवायरच्या इअरफोनवरही चालते. अँड्रॉइडवर गूगलचं ‘साउंड अ‍ॅम्प्लिफायर’ २०१९ मध्ये आलं. सुरुवातीला ते फक्त वायरच्या इअरफोनवर चालायचं, ब्लूटूथ नंतर जोडलं. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि फोनच्या सेटिंगमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’ या भागातून चालू करता येतं. मी आधी तेच टाकून देतो.

फोन जवळ ठेवला तरी फरक पडत नाही

मग माइक कोणता चालू आहे ते तपासा. ही गोष्ट कोणी बघतच नाही. वायरच्या इअरफोनला बोलण्यासाठी माइक असेल, तर फोन बऱ्याचदा स्वतःचा माइक सोडून वायरवरचा माइक वापरतो. तो तर तुमच्याच छातीवर लटकतोय! फोन सूनबाईसमोर ठेवला काय आणि देवघरात ठेवला काय, आवाज तुमच्या गळ्याखालूनच घेतला जातो.

ओळखायची पद्धत सोपी आहे. इअरफोन कानात, ॲप चालू, आवाज बारीक. आता फोनच्या खालच्या कडेवर नखाने हलकं खरवडा. नंतर वायरवरच्या बटणाच्या डबीवर खरवडा. ज्या खरवडण्याचा आवाज कानात मोठा येईल तो माइक चालू आहे. वायरवरचा निघाला तर ॲपमध्ये माइक निवडायची सोय आहे का बघा. नसेल तर बिनमाइकचा इअरफोन घ्या. दुकानात प्लग बघून ओळखता येतो: धातूच्या पिनवर तीन पट्टे असले तर माइकवाला, दोन असले तर बिनमाइकचा.

नवीन फोनला गोल भोक नसतं, टाइप-सीतून जोडणी करावी लागते. त्यासाठी मिळणारी छोटी वायर दोन प्रकारची असते. एक नुसतीच जोडते, दुसरीत आवाज तयार करणारी चिप असते. अनेक फोनवर पहिली चालतच नाही आणि लोकांना वाटतं ॲप बिघडलं. वायर विकत घेताना दुकानातच आपल्या फोनला लावून, आवाज ऐकूनच घ्या.

ब्लूटूथच्या बाबतीत हाच घोटाळा आणखी वाईट होतो. ब्लूटूथ इअरफोनचा स्वतःचा माइक चालू झाला की जोडणी कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा वरचा भाग कापला जातो. जुन्या प्रकारच्या जोडणीत तर ४,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी किती उंच त्याचं माप) वरचं जवळजवळ काहीच पोचत नाही. हे नुकसान कुठे दिसतं? बाजारात. भाजीवाली म्हणते "साठ", आबांना ऐकू येतं "आठ". दोन्ही शब्दांत फरक फक्त ‘स’चा, आणि ‘स’चा जोर ४,००० हर्ट्झच्या वर असतो. वयाने कान जातात तेव्हा वरच्या पट्टीतलेच आवाज आधी जातात: स, श, फ, थ, ख. ‘आ’सारखे स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात, ते टिकतात. म्हणून माणूस बोलतोय हे कळतं आणि काय बोलतोय ते कळत नाही. जे आवाज कानात आधीच कमी येतात तेच ब्लूटूथनेही कापले तर ॲप लावून काय उपयोग? ब्लूटूथ वापरायचंच असेल तर माइक फोनचा आणि कानात फक्त आवाज, अशी जोडणी ठेवा. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या इअरफोनच्या नावासमोर ‘कॉल’ आणि ‘मीडिया’ असे दोन खटके असतात. कॉलचा बंद केला की बहुतेक फोन आपोआप स्वतःच्या माइकवर येतात. मग त्या इअरफोनवर फोन उचलून बोलता येणार नाही, हे घरच्यांना सांगून ठेवा.

स्वतःचाच आवाज दोनदा ऐकू येतो

ब्लूटूथ लावून गप्पा मारायला बसलेल्या प्रत्येकाची ही तक्रार असते. कानाच्या मशीनमध्ये आवाज आत येऊन बाहेर पडायला साधारण १० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागतो, तो उशीर जाणवत नाही. साध्या ब्लूटूथवर हाच उशीर १०० ते ३०० मिलिसेकंदांपर्यंत जातो. समोरच्याचे ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो. स्वतः बोलताना तर प्रत्येक शब्दाची शेपटी कानात घुमते, माणूस अडखळतो, चिडतो आणि इअरफोन काढून ठेवतो.

यावर ॲपमध्ये कुठलीही सेटिंग नाही. वायर वापरा. वायरवरही स्वस्त फोनमध्ये थोडा उशीर राहतो, पण गप्पा मारता येतात. कीर्तन, सप्ताहातलं प्रवचन, टीव्हीवरच्या बातम्या, म्हणजे जिथे आपल्याला बोलायचं नसतं आणि फोन लांब ठेवायचा असतो, तिथे ब्लूटूथ चांगलं. देवळात फोन साउंड बॉक्सला चिकटवून ठेवू नका, आवाज फाटतो. महाराजांच्या बाजूला दोन हातांवर ठेवा. घरात वायर आखूड पडते तर साडेतीन मिमीची जोडवायर मिळते, ती लावून फोन टेबलाच्या पलीकडे नेता येतो.

स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमत असेल तर ते वेगळं दुखणं आहे. रबरी बोंडाने कानाचं भोक पूर्ण बंद झालं की असं होतं. एका मापाने लहान बोंड लावून बघा, पण इतकं लहान नको की कानात सैल बसेल, कारण मग पुढची तक्रार सुरू होते.

शिट्टी वाजते

कानातून बाहेर सांडलेला आवाज परत माइकमध्ये जातो, तो पुन्हा वाढवला जातो, पुन्हा सांडतो. लाउडस्पीकरसमोर माइक नेला की जी किंचाळी येते तीच ही. फोन कानापासून लांब ठेवा, बोंड घट्ट बसेल असं लावा, आवाज थोडा उतरवा. फोन मांडीवर आणि इअरफोन गळ्यात, असं ठेवून ॲप चालूच राहिलं तरीही शिट्टी वाजते, आणि आजूबाजूच्यांना वाटतं म्हाताऱ्याने काहीतरी बिघडवलं.

चार्जिंगला लावल्यावर गुणगुण येत असेल तर ती स्वस्त चार्जरची असते. चार्जर काढून ऐका. उन्हाळ्यात तसंही फोन चार्जिंगला लावून तासन्‌तास ॲप चालवणं बरं नाही, फोन तापतो आणि आवाज तुटायला लागतो.

ॲप आपोआप बंद पडतं

स्क्रीन बंद झाली की आवाजही बंद, ही तक्रार स्वस्त अँड्रॉइड फोनवर जास्त. बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतो. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीत जा, बॅटरी या ओळीत ‘निर्बंध नाही’ निवडा, आणि ‘ऑटोस्टार्ट’ असेल तर तेही चालू करा. माइकची परवानगी दिलीय का ते तिथेच बघून घ्या. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढल्यावर माइक पूर्ण बंद करायचा एक खटका मिळतो. नातवाच्या बोटाने तो दाबला गेला की सगळी ॲप बहिरी होतात. अशाच फोनवर कोणतंही ॲप माइक वापरत असेल तर वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. ती दिसत नसेल तर ॲप ऐकतच नाहीये.

फोन आला की ॲप थांबतं, कारण माइक कॉलकडे जातो. कॉल संपल्यावर ते परत चालू करायला लागतं. आबांना हे एकदा हाताला धरून दाखवा.

सरकी, धूळ, कव्हर

जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या, हंगामात येणाऱ्या फोनच्या माइकच्या भोकात कापसाचे तंतू आणि धूळ घट्ट बसलेली असते. ॲप पूर्वीपेक्षा मंद वाटायला लागलं तर आधी कव्हर काढून ऐका, मग मऊ कोरड्या ब्रशने भोक साफ करा. सुई घालू नका, आतली जाळी फाटते. इअरफोनच्या जाळीवर कानातला मळ बसतो, तीही पुसत जा. आणि मळ कानातही असतोच. मळाचा बोळा बसून कान बंद झालेला असेल तर जगातलं कुठलंही ॲप काम करणार नाही. तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या, काडी किंवा गरम तेल नको.

आवाजाची सेटिंग

सगळ्यात शेवटी इथे यायचं. साउंड अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एकूण आवाज वाढवायची पट्टी असते आणि उंच किंवा खालच्या पट्टीतले आवाज कमी-जास्त करायची वेगळी असते. एकूण आवाज मध्यम ठेवा, उंच पट्टी हळूहळू वाढवा, खालची तशीच राहू द्या. कूलर, पंखा, मोटार यांची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते. समोर कोणाला तरी बसवून आकडे म्हणायला लावा: साठ, आठ, सात, पाच. आकड्यांत फसवाफसवी होत नाही, ऐकू आलं नाही तर आलं नाही. दोन्ही कान सारखे नसतील तर प्रत्येक कानासाठी वेगळी पट्टी लावता येते.

पेट्रालेक्ससारखी काही ॲप आधी कानाची चाचणी घेतात आणि तिच्यावरून आवाज बसवतात. ही चाचणी दुपारी कूलरखाली बसून करू नका, रात्री सगळं शांत झाल्यावर करा, आणि जो इअरफोन रोज लावणार त्याच्यावरच करा. इअरफोन बदलला की चाचणी पुन्हा.

एक काळजीची गोष्ट. कानाच्या मशीनमध्ये आवाज अमुक पातळीच्या वर जाऊ नये अशी हद्द ऑडिओलॉजिस्ट तुमचा कान तपासून घालून देतात. ॲपमध्ये तुमच्या कानासाठी घातलेली हद्द नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, ९० डेसिबलला मात्र फक्त ४ तास. लग्नाच्या वरातीत, डीजेसमोर, फटाक्यांत, जिनिंगच्या शेडमध्ये ॲप बंद ठेवा. रस्त्यावरही बंद. फोनचा माइक आवाज कोणत्या बाजूने आला ते सांगत नाही, आणि मागून येणारी मोटारसायकल दोन्ही कानांत सारखीच वाजते.

ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं तेव्हा

बँकेत, तहसीलमध्ये, दवाखान्यात ऐकण्याचं ॲप फार वेळा कमी पडतं. काच असते, गर्दी असते, समोरचा घाईत असतो. तिथे मी गूगलचं ‘लाइव्ह ट्रान्सक्राइब’ वापरायला सांगतो. समोरचा बोलतो ते स्क्रीनवर अक्षरांत उमटतं. हेही २०१९ मध्ये आलं, बहिऱ्या लोकांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतल्या गॅलॉडेट विद्यापीठाच्या मदतीने बनलं, आणि त्यात मराठी आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी पहिली आणि हिंदी दुसरी ठेवा, अक्षरं मोठी करा, इंटरनेट चालू ठेवा.

आमच्याकडची अडचण अशी की घरात मराठी कोण बोलतं? घरात बोलतात ती अहिराणी, आणि भाषांच्या यादीत अहिराणी नाही. माय म्हणते "माले", "तुले", "काय करी राह्यना", आणि ॲप जवळचा कुठलातरी मराठी शब्द ठोकून देतं. वाचणाऱ्याचा गोंधळ वाढतो, ॲप बिघडलं म्हणून फोन परत माझ्याकडे येतो. इलाज एकच सापडलाय: फोनपुढे बोलताना घरच्यांनी साधी मराठी, जरा सावकाश आणि छोट्या वाक्यांत बोलायची. पोरांना ते लगेच जमतं. म्हाताऱ्या माणसांवर लादू नका. आजी-आजोबांनी एकमेकांशी अहिराणीतच बोलावं, तिथे वायरचा इअरफोन आणि जवळ ठेवलेला फोन हाच मार्ग. अहिराणी बोलणारी एवढी माणसं आहेत, त्यांची भाषा या यादीत यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

ॲप कुठे सोडायचं

समोर बसून मोठ्याने बोललेलंही कळत नसेल तर कान ॲपच्या पलीकडे गेलेला आहे. एअरपॉड्स प्रो २ मधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मंजुरी दिली, तीही सौम्य ते मध्यम ऐकू कमी येणाऱ्या १८ वर्षांवरच्या माणसांसाठीच. साध्या फोनकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

कान एकाएकी गेला, सकाळी उठल्यावर एका बाजूने ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तर कान परत येण्याची आशा असते. ॲप लावून वाट बघण्यात ते दिवस निघून जातात. कान वाहतोय, दुखतोय, चक्कर येते, एकाच कानात सतत आवाज येतो, तरीही आधी डॉक्टर. लहान मुलाला तर ॲप लावूच नका. बोलायला शिकण्याचं वय ऐकण्यावर चालतं, त्याची तपासणी लगेच करून घ्या.

जळगाव आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत. कानाची तपासणी कोणत्या वारी असते ते विचारून जा, आणि तिथून निघताना तपासणीचा आलेख मागून घ्या. २५० पासून ८,००० हर्ट्झपर्यंत कुठे किती कमी ऐकू येतं ते त्यावर दिसतं. तो आलेख असला तर ॲपमधल्या पट्ट्याही मी अंदाजाने न लावता नीट लावून देऊ शकतो.

मशीन परवडत नाही म्हणून फोनवर दिवस काढणाऱ्यांनी मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी जरूर करावी. २०२४ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला साहाय्यभूत साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे, आणि साधनांच्या यादीत श्रवणयंत्र आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, तिच्या शिबिरात मशीन थेट मिळतं. शिबिरात मिळालेलं मशीन कपाटात ठेवलं असेल तर ते आणि हा आलेख दोन्ही घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे जा. बसवून न घेतलेलं मशीन आणि खिशातला फोन यांची तक्रार एकच असते.

मशीन लागल्यावरही लाइव्ह ट्रान्सक्राइब काढून टाकू नका. बँकेच्या काचेपलीकडून आलेला आकडा मशीनवालाही चुकवतो, तो स्क्रीनवर वाचून घ्यावा.